जपानचा काही दोष नाही

आमच्या सातपूर कॉलनीत सकाळचा पहिला आवाज कोंबड्याचा नाही, झुंबरभाऊंच्या किकचा. आधी नुसती किक. मग किक आणि खोकला. मग किक, खोकला आणि लताबाईंचं "ढकलू का?" त्यानंतर थोडा वेळ सगळं शांत असतं. तेवढ्यात झुंबरभाऊ वाकून गाडीच्या टाकीशी काहीतरी बोलतात. काय बोलतात ते ऐकायला मी कितीदा ओट्यावर तांदूळ निवडायला बसले आहे. आमच्या घरच्या भातात खडा लागत नाही त्याचं कारण तेच. पण अजून एक शब्द कानावर आलेला नाही. बायकोशी मात्र ते इतक्या लाडानं कधी बोलत नाहीत, एवढं मी शपथेवर सांगेन.

झुंबर गांगुर्डे म्हणजे आमचे भिंतीला भिंत शेजारी. अंबडच्या एका कारखान्यात विजेची पॅनेलं बनतात, म्हणजे ती भिंतीला उभी असतात तशी लोखंडी कपाटं, ज्यांच्या पोटात सगळे स्विच आणि वायरी. तिथं हे तपासनीस. तयार कपाट समोर आलं की हे त्याच्याभोवती फिरणार, वाकून बघणार, चूक सापडली की खिशातून लाल चिठ्ठी काढून कपाटाला बांधणार. चिठ्ठीवर एकच शब्द, रिजेक्ट. कपाट मुकाट्यानं परत.

आता माणसाच्या खिशात अशी चिठ्ठी असली की हात शिवशिवणारच. झुंबरभाऊंनी घरातल्या गळक्या बादलीला चिठ्ठी बांधली. कढईच्या हलत्या कानाला बांधली. एकदा आमचं फाटक कुरकुरतं म्हणून त्यालाही बांधून गेले. मी ती सोडली आणि त्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या बनियनला बांधली. तिला तीन भोकं होती. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण बनियन नवी आली.

हे सगळं मुळात सुरू झालं ते एका जपानी साहेबामुळं. फार वर्षांपूर्वी कारखान्यात आठवडाभर शिकवायला एक जपानी साहेब आला होता. त्यानं दोन गोष्टी शिकवल्या. एक, प्रत्येक वस्तूला जागा हवी आणि त्या जागेभोवती रंगानं आखलेली चौकट हवी. दुसरी, काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं. पहिल्या ‘का’ला जे उत्तर येईल त्यावर पुन्हा ‘का’, असं खणत गेलं की पाचव्याला खरा गुन्हेगार सापडतो. जाताना साहेबानं झुंबरभाऊंच्या खांद्यावर थाप मारली. तो खांदा अजून थोडा वर असतो.

दुसऱ्याच रविवारी झुंबरभाऊंनी स्वयंपाकघरात पिवळ्या रंगानं चौकटी आखल्या. शेगडी इथं, मिक्सर इथं, पाण्याची कळशी इथं. लताबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळणारी बाई ती, सहजी आवाज चढवत नाही.

"माझी चौकट कुठाय?" एवढंच त्या म्हणाल्या.

"तू फिरती वस्तू आहेस," झुंबरभाऊ गुडघ्यावर रांगत म्हणाले.

त्या दिवशी ती फिरती वस्तू आमच्याकडे फिरून आली आणि रात्री जेवायलाही आमच्याकडेच थांबली.

आणि मग ती गाडी. जपानहून सुटे भाग येऊन इथं जोडल्या गेलेल्या गाड्यांतली ती एक, झुंबरभाऊंनी ऐन तरुणपणी घेतलेली. कंपनी कुठली ते मला विचारू नका, कारण टाकीवरचं नाव त्यांनी केव्हाच रंगाखाली गाडलं आहे. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला कॉलनीतून गाड्यांची मिरवणूक निघते, निळे झेंडे लावून. तिच्यात आपली गाडी नवी नवरी दिसावी म्हणून झुंबरभाऊ आधीचे दोन दिवस रजा घेऊन तिला रंगवतात. टाकी, मडगार्ड, चेसी, बोल्ट, बोल्टाची डोकी, सगळं. एका वर्षी बेसावध बसलेल्या मांजराची शेपटीही हिरवी झाली होती. मिरवणुकीत गाडी दिसते सुरेख, यात वाद नाही. फक्त ती ढकलत न्यावी लागते. झुंबरभाऊ म्हणतात, मिरवणुकीचा वेगच तो.

मिरवणुकीनंतर तिला ताप भरतो तो वेगळाच. मला गाडीतलं काही कळत नाही, पण डोळे तर आहेत. डावीकडे वळायचा दिवा लावला की पुढचा मोठा दिवा मान टाकतो. ब्रेक दाबला की उजवीकडचा दिवा उघडझाप करतो, त्यामुळे मागचे लोक उजवीकडून निघायला बघतात आणि शिव्या घालत परततात. हॉर्न दाबला तर नुसतं ‘टक’ होतं. म्हणून झुंबरभाऊ तोंडानंच "बाजू, बाजू" म्हणत जातात. आडव्या स्टँडवर लावली की कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतं आणि आमच्या तुळशीपर्यंत वास येतो. फ्यूज तर असे उडतात की त्यांच्या खिशात आता लाल चिठ्ठ्या आणि फ्यूज एकाच पाकिटात असतात.

पण जपानला बोल लावायचा नाही. एकदा मी गंमतीनं म्हटलं, "भाऊ, तुमच्या जपानी साहेबांनी ही गाडी शनिवारी संध्याकाळी घाईत जोडली असेल."

ते इतके गंभीर झाले की मीच घाबरले. "सविताताई, जपानी माणूस घाई करत नाही. इथलं पेट्रोल, इथली धूळ, इथले खड्डे, त्याला तो बिचारा काय करणार?"

मग पाच ‘का’ सुरू व्हायचे. मोठ्यानं, रस्त्याच्या कडेला, प्लग हातात धरून. गाडी का बंद पडली? प्लग काळा झाला. का? पेट्रोल जास्त आलं. का? इंजिनावर ताण पडला. का? वजन वाढलं. वजन का वाढलं? इथं ते मागे वळून लताबाईंकडे बघायचे. इतक्या वर्षांत गुन्हेगार एकदाही बदलला नाही. फ्यूज उडाला तरी चार ‘का’ फिरून पाचवा बरोबर लताबाईंच्या पायाशी येऊन बसायचा.

एक मात्र खरं, कारखान्यात यांची नजर मोठी तिखट. आमच्या ओट्यावर चहा पिता पिता स्वतःच सांगायचे, "सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कशाला जातात सांगू? अर्थिंगला. कपाट रंगवताना अर्थिंगच्या जागेवर आधी पट्टी चिकटवायची असते. तिथं उघडं लोखंडच पाहिजे. रंगातून वीज जात नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. पण रंगवणारे विसरतात. वरून दिसतं झकास, आत सगळं लटकलेलं. मी नखानं खरवडून बघतो आणि चिठ्ठी बांधतो."

तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. विषय पॅनेलांचा होता ना.

यंदा मे महिन्यात लताबाईंच्या भावाच्या मुलाचं, धम्मपालचं, लग्न निघालं विंचूरला. आता लताबाई आणि लग्नं याचा इतिहास तुम्हाला सांगायला हवा. भावाच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला त्या पोचल्या तेव्हा लोक हात धुऊन बडीशेप खात होते. दुसऱ्या एका भाच्याच्या लग्नाला पोचल्या तेव्हा मांडववाला खुर्च्या मोजून टेंपोत चढवत होता, एक खुर्ची त्यानं माणुसकीनं यांच्यासाठी खाली काढून दिली. वर-वधूंनी एकमेकांना हार घातलेला क्षण या बाईनं माहेरच्या एकाही लग्नात डोळ्यांनी पाहिलेला नाही. या वेळी भावानं फोन करून सांगितलं, "ताई, हाराचं ताट आत्याच्याच हातात पाहिजे. पण तू वेळेवर आलीस तरच हं. नाहीतर माझी मेव्हणी धरेल."

मेव्हणी! तो शब्द लताबाईंना लागला.

त्यांनी भंगारवाल्या कुंदनला बोलावून घेतलं. झुंबरभाऊंच्या समोर म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी टेंपो घेऊन ये. मला ताट मिळालं तर तू रिकामा जाशील. नाही मिळालं तर ही घेऊन जा."

"चावी?" कुंदननं विचारलं.

"चावी लागत नाही तिला. ढकलत न्यायची असते."

झुंबरभाऊंचा खांदा पहिल्यांदा खाली आलेला मी पाहिला. "बसनं जाऊ या ना मग," ते पुटपुटले.

"नाही. तिच्यावरूनच. एकदाचा निकाल लागू दे."

रविवारी सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढे ते दोघं. लताबाई पांढऱ्याशुभ्र, निळ्या काठाच्या साडीत, मांडीवर आहेराची पिशवी. मागे माझी स्कूटर आणि स्कूटरवर मागच्या सीटभर माझ्या सासूबाई, कुसाबाई. त्यांची बहीण विंचूरला असते म्हणून त्या बसल्या, असं त्यांचं म्हणणं. खरं तर गंमत बघायला. आमच्या घराण्यात तो गुण आहे.

द्वारका चौकापर्यंत सगळं ठीक. झुंबरभाऊ "बाजू, बाजू" करत पुढे, मी मागे. चांदोरीजवळ गाडी खोकली आणि थांबली. त्यांनी प्लग काढला, पुसला, फुंकला. "का बंद पडली?" त्यांचं सुरू झालं. चौथ्या ‘का’पर्यंत येऊन ते लताबाईंकडे वळले.

"आज आहेराची पिशवी पण आहे," ते म्हणाले.

"पिशवीत पातेलं आहे. ते डोक्यात घालू का, वजन कमी होईल," लताबाई म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. मला वाटतं भीतीनं.

निफाड मागे पडलं, द्राक्षबागा संपून उसाची शेतं लागली आणि एका चहाच्या टपरीसमोर तिनं शेवटचा श्वास सोडला. या वेळी खोकलाही नाही. किक मारली, काही नाही. दिवा लावला, काही नाही. झुंबरभाऊंनी हॉर्न दाबला, ‘टक’सुद्धा नाही. ते टाकीवर हात ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मी स्कूटर थांबवली. "लताबाई, या माझ्यामागे. आई, तुम्ही जरा इथं चहा पीत बसा, मी परत येते तुम्हाला न्यायला."

"म्या न्हाय उतरायची," कुसाबाई म्हणाल्या. "लय मुश्किलीनं चढलीया. आन् इथलंच बघायला आली मी."

लताबाईंनीही मान हलवली. मोबाईलवर भावाचा फोन वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही. पदर कमरेला खोचला आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गाडी का बंद पडली?"

झुंबरभाऊ चपापले. प्रश्न आपल्याकडून जातो, येत नाही, अशी त्यांना सवय. "ठिणगी पडत नाहीये."

"का?"

"करंट नाही."

"का?"

"बॅटरी चार्जच होत नाही, लता. आता हे तुला रस्त्यात..."

"का होत नाही?"

"अगं, वीज निघते, फिरते, तिला परत जायला वाट लागते. ही काळी वायर बघ. ही चेसीला टेकलेली पाहिजे. आणि टेकलेली आहे! मी स्वतः बोल्ट आवळलाय."

लताबाई खाली वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "कशाला टेकलीय?"

"चेसीला. लोखंडाला."

"लोखंड कुठाय? मला तर रंग दिसतोय."

त्यांनी नखानं बोल्टाशेजारी खरवडलं. वरचा पिवळा निघाला. "हा यंदाच्या जयंतीचा." आणखी खरवडलं, खाली हिरवा. "हा गेल्या वर्षीचा. मांजरीवाला." त्याखाली राखाडी, त्याखाली निळा. "हा तर आपली अंजली दहावीला होती तेव्हाचा."

मागून कुसाबाई म्हणाल्या, "आन् खाली लोखंड हाय का समदा रंगच हाय?"

मी झुंबरभाऊंकडे बघत होते. हे माझ्या आयुष्यातलं सुख आहे आणि मी ते कुणाला देणार नाही. आधी त्यांनी वायर बघितली. मग बोल्ट. आणि डोळे असे झाले जणू ते कारखान्यात उभे आहेत, समोर कपाट आहे आणि ते कपाट त्यांनीच रंगवलं आहे. आमच्या ओट्यावर कपामागून कप चहा पिऊन शेंबड्या पोराची गोष्ट सांगणारा माणूस तो.

"एक ‘का’ राहिला," लताबाई शांतपणे म्हणाल्या. "तिथं रंग का लागला?"

ऊस सळसळला. टपरीवाल्या मैनाबाई ग्लास धुवायच्या थांबल्या.

"मी लावला," झुंबरभाऊ म्हणाले.

लताबाईंनी त्यांच्या खिशात हात घातला, फ्यूज बाजूला सारून लाल चिठ्ठी काढली आणि लग्नासाठी इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या वरच्या बटणाला बांधली. नीट, सरगाठ मारून.

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. काहीतरी गोड बोलावं म्हणून मी पुढे झाले. तर झुंबरभाऊंचा चेहरा उजळत चाललेला! खांदा आपल्या जागी परत आलेला!

"सविताताई!" ते जवळजवळ ओरडलेच. "म्हणजे जपानचा काही दोष नाही! इतकी वर्षं, बघा, इतकी वर्षं जपानचा काहीच दोष नव्हता!"

"आणि माझा?" लताबाईंनी विचारलं.

"तुझा पण नाही," ते उदारपणे म्हणाले. "पण जपानचा तर मुळीच नाही."

लताबाई टपरीकडे वळल्या. मैनाबाईंच्या हातातली तारेची घासणी त्यांनी मागून घेतली, पांढऱ्या साडीसकट खाली बसल्या आणि करपलेलं पातेलं घासावं तशा चेसी घासू लागल्या. झुंबरभाऊंनी बोल्ट सोडला. पिवळा, हिरवा, राखाडी, निळा, सगळ्या जयंत्या एकेक करून मातीत पडल्या आणि खाली लोखंड चमकलं.

"अगं, साडीला रंग लागेल."

"रंग लावायची सवय माझ्या हाताला नाही, तुमच्या हाताला आहे. आवळा आता."

त्यांनी वायर उघड्या लोखंडावर टेकवून बोल्ट आवळला. स्कूटरनं धक्का देण्याचं पुण्य मी घेतलं. गाडी दहा पावलं गेली आणि सुरू झाली. नुसती सुरू नाही झाली, तिच्यातली इतकी वर्षं मुकी असलेली प्रत्येक गोष्ट एकदम बोलू लागली. मोठा दिवा भर उन्हात डोळ्यांवर आला. आणि हॉर्न. त्याचं बटण मघाशी दाबलं तेव्हाच आत रुतून बसलेलं. करंटच पोचत नव्हता म्हणून कुणाला कळलं नव्हतं. आता पोचला. हॉर्न वाजला आणि थांबेचना.

"वायर काढतो!" झुंबरभाऊ ओरडले.

"कशालाही हात लावायचा नाही!" लताबाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या. "सरळ विंचूर!"

तुम्ही तो प्रवास बघायला हवा होता. पुढे अखंड केकाटणारी गाडी, तिच्यावर छातीशी लाल चिठ्ठी फडफडणारे झुंबरभाऊ, मागे कोपरापर्यंत चार रंगांच्या भुकटीत माखलेल्या लताबाई, आणि त्यांच्या मागे हसून हसून स्कूटर सावरत मी. विंचूरच्या बाजाराजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. आम्हाला बघून एकेक ट्रॅक्टर बाजूला झाला. एकानं तर टोपी काढली. कुसाबाईंनी त्याला हात केला.

मांडवात बौद्धाचार्य माईक हातात घेऊन उभे होते, आता त्रिशरण सुरू करणार, तेवढ्यात बाहेरून आमची वर्दी पोचली. अर्धा मांडव उठून दाराशी आला. व्यासपीठावर धम्मपाल टाचा उंचावून बघत होता. भाऊ धावत आला.

"ताई! अगं, हे हात?"

"ताट कुठाय?" लताबाई म्हणाल्या.

ताट मेव्हणीच्या हातात होतं. लताबाईंनी ते रंगीत हात पुढे केले. मेव्हणीची साडी भारी होती. तिनं ताट पटकन देऊन टाकलं.

वंदना झाली, पंचशील झालं, हार उचलले गेले. फुलं उडाली तेव्हा लताबाई ताट धरून अगदी शेजारी होत्या. डोळे पुसताना त्यांच्या गालावर एक हिरवा फराटा उठला, तो सगळ्या फोटोंत आहे. हा क्षण झुंबरभाऊंनी मात्र पाहिला नाही. ते बाहेर हॉर्नची वायर शोधत होते. जेवताना लताबाई त्यांना म्हणाल्या, "बडीशेप घ्या. इतकी वर्षं मी तेवढीच खाल्ली."

संध्याकाळी कुंदन टेंपो घेऊन दाराशी उभा. झुंबरभाऊ गाडीसमोर हात पसरून उभे, जणू कुणी मुलगीच न्यायला आलंय. लताबाई आत गेल्या आणि रंगाचे डबे, ब्रश, पट्ट्या, सगळं टोपलीत भरून घेऊन आल्या.

"हे ने."

"लता, तो पिवळा अर्धा आहे अजून..."

"हे ने, कुंदन. आधी पिवळा."

आता गाडी सुधारली, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला ती गाडी माहीत नाही. कालच आमच्या फाटकासमोर बंद पडली. सातपूरचा मिस्त्री आला, त्यानं सीटखालून एक जळकी डबी काढली, बॅटरीकडे जाणाऱ्या विजेचा जोर सांभाळते ती. हुंगली आणि म्हणाला, "गांगुर्डेसाहेब, यात तुमची काही चूक नाही. या गाड्यांची ही डबी जन्मापासूनच नाजूक. कंपनीनं बनवतानाच चुकवलीय."

झुंबरभाऊ हसले. अज्ञानी माणसावर हसतात तसे.

"नाही हो," ते म्हणाले. "नीट शोधा. माझंच काहीतरी चुकलं असेल." आणि मिस्त्रीच्या देखत खिशातून लाल चिठ्ठी काढून त्यांनी ती आपल्याच बटणाला बांधली.

लताबाई दारात आल्या. चिठ्ठीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि पदर खोचला.

"ढकलू का?"